प्रवासाच्या क्रेडिट कार्डावरील सवलती घटल्या. कार्ड ठेवावे की परत करावे?

प्रश्न (पत्राचा सारांश) : मी कोल्हापूरचा रहिवासी असून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझा मशीन शॉपचा छोटा कारखाना आहे. काही वर्षांपूर्वी एका बँकेचे प्रवासासाठीचे प्रीमियम क्रेडिट कार्ड घेतले. वार्षिक शुल्क १२,५०० रुपये अधिक जीएसटी; पण वर्षाला पाच लाखांचा खर्च केला की ते माफ होत असे, त्यामुळे आजवर शुल्क कधी भरावे लागले नाही. आता बँकेचा ई-मेल आला आहे. शुल्कमाफीची मर्यादा आठ लाख केली आहे. वीजबिल, विमा हप्ता आणि पेट्रोल-डिझेल यांवर पॉइंट मिळणार नाहीत आणि तो खर्च मर्यादेतही धरला जाणार नाही. विमान कंपनीच्या मैलांत (तिकिटासाठी वापरता येणाऱ्या तिच्या गुणांत) एका पॉइंटला एक मैल मिळत होता, तिथे दोन पॉइंटला एक मैल मिळेल. विमानतळावरील लाउंजसाठी मागील तिमाहीत ७५ हजारांचा खर्च हवा आणि सोबतच्या पाहुण्यांची सवलत बंद. हे सारे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपासून लागू होईल. माझ्याकडे ६२ हजार पॉइंट साठले आहेत; ते पत्नी आणि वृद्ध आईला सिंगापूरला नेण्यासाठी राखून ठेवले होते. बँक असे परस्पर बदल करू शकते का? कार्ड बंद केले तर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज देताना बँका पाहतात तो पतगुणांक, घसरेल का? मुलाच्या पुण्यातील फ्लॅटच्या कर्जात मी सहअर्जदार आहे, म्हणून ही काळजी जास्त वाटते. की दुसऱ्या बँकेचे कार्ड घ्यावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातील नाराजी रास्त आहे. सुमारे पाच वर्षे एका योजनेवर विश्वास ठेवून तुम्ही खर्च त्या कार्डावर वळवला, आणि ज्या दिवसासाठी पॉइंट साठवले तो दिवस जवळ येताच त्यांचा भाव निम्मा झाला. तरीही या घडीला तुमच्या हातात काही आठवडे आहेत आणि त्या आठवड्यांत काय करायचे, हे ठरवणे नाराजीपेक्षा महत्त्वाचे आहे; म्हणून पत्रातील प्रश्नांचा क्रम थोडा बदलून आधी पॉइंटांविषयी लिहितो.

तुमचे ६२ हजार पॉइंट आज ६२ हजार मैल आहेत आणि १५ तारखेनंतर ते ३१ हजार मैल होतील. म्हणजे या पत्रव्यवहारातील सर्वांत मोठी रक्कम वार्षिक शुल्काची नसून या साठ्याची आहे. आईंना सिंगापूरला नेण्याचा बेत पक्का असेल, तर मैलांत रूपांतर याच मुदतीत करा. मात्र आंधळेपणाने करू नका. पॉइंट एकदा विमान कंपनीच्या खात्यात गेले की ते सहसा परत येत नाहीत. त्यामुळे आधी सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेत तुमच्या नावाने खाते उघडा, खात्यातील नाव आणि कार्डावरील नाव अक्षरशः सारखे ठेवा (आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये येण्या-न येण्यावरून अशा गोष्टी अडकतात), आणि मग तुम्हाला हव्या त्या सुमारास मुंबईहून मैलांवर मिळणाऱ्या जागा शिल्लक आहेत का, ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. मैलांवर काढलेल्या तिकिटावरही विमानतळ शुल्क आणि कर रोखीनेच भरावे लागतात, हे हिशेबात धरा. ६२ हजार मैलांत तिघांचे जाणे-येणे बसेलच असे गृहीत धरू नका. काही तिकिटे मैलांवर आणि उरलेली पैशाने काढण्याची तयारी ठेवा. क्रिसफ्लायरचे मैल ३६ महिने टिकतात, तेव्हा बेत वर्षभर पुढे गेला तरी ते वाया जाणार नाहीत. बँकेकडून मैल जमा होण्यास काही दिवस लागू शकतात आणि काही बँकांनी वर्षाला किती पॉइंट वळवता येतील यावर मर्यादा घातलेली असते. म्हणून १४ तारखेची वाट न पाहता हे काम याच आठवड्यात करावे.

बेत पक्का नसेल, तर बँकेच्या स्वतःच्या प्रवास पोर्टलवर हॉटेल किंवा तिकिटासाठी पॉइंट वापरता येतात का आणि तिथला भाव बदलला आहे का, हे पाहा. पॉइंट देऊन बिलाची रक्कम कमी करून घेणे किंवा मिक्सर-सूटकेस मागवणे हे मात्र शेवटचे पर्याय समजावेत, कारण तिथे पॉइंटला बहुधा सर्वांत कमी भाव मिळतो.

आता तुमचा मूळ सवाल. बँक असे करू शकते का? दुर्दैवाने, बऱ्याच अंशी करू शकते. कार्ड घेताना आपण ज्या अटींवर सही करतो, त्यांत सवलती आणि पॉइंटांची योजना बदलण्याचा अधिकार बँकेने स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा भाव सौद्यात शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत ठरतो; पॉइंटाचा भाव मात्र फक्त बँक ठरवते आणि आपल्याला तो नंतर कळतो. शुल्काच्या बाबतीत ग्राहकाला थोडे अधिक संरक्षण आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली क्रेडिट कार्डांविषयी जे सविस्तर निर्देश काढले, त्यांनुसार शुल्कातील बदल मागील तारखेपासून लागू करता येत नाही, त्यासाठी किमान एक महिना आधी सूचना द्यावी लागते, आणि आपल्याला तोट्याचा ठरणाऱ्या अशा बदलामुळे ग्राहकाने कार्ड परत करायचे ठरवले, तर बँकेला त्यासाठी कोणतेही जादा शुल्क आकारता येत नाही. शुल्कमाफीची मर्यादा पाच लाखांवरून आठ लाखांवर नेणे म्हणजे तुमच्यासारख्या ग्राहकाच्या दृष्टीने शुल्कवाढच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि बँकेशी बोलताना तुम्ही तसेच म्हणावे. ई-मेलची तारीख आणि १५ तारीख यांत पूर्ण महिन्याचे अंतर आहे ना, तेही पाहा. नसेल, तर लेखी तक्रार करा.

ती तक्रार आधी बँकेकडेच करावी लागते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. परंतु तुमच्या मनात खोटी आशा निर्माण व्हायला नको, म्हणून हेही सांगतो की सवलत कमी करणे हा बँकेचा व्यावसायिक निर्णय समजला जातो आणि अशा निर्णयाविरुद्धच्या तक्रारी लोकपाल योजनेच्या कक्षेत येत नाहीत. सूचना न देता शुल्क लावले, कार्ड बंद करण्यास टाळाटाळ केली, मान्य केलेले पॉइंट जमाच केले नाहीत, अशा सेवेतील त्रुटींसाठी मात्र तो मार्ग चांगला आहे.

हे फक्त तुमच्याच बँकेत घडते आहे, असेही नाही. १ सप्टेंबर २०२३ पासून ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे वार्षिक शुल्क १० हजारांवरून १२,५०० रुपये झाले, शुल्कमाफीसाठीची खर्चाची मर्यादा १५ लाखांवरून २५ लाखांवर गेली आणि दरमहा एक लाखाच्या खर्चावर मिळणारे २५ हजार पॉइंट बंद झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या नावाने निघालेल्या कार्डांचे प्रयोजनच संपले. अमेरिकेत २०२५ मध्ये चेस बँकेच्या सफायर रिझर्व्ह कार्डाचे शुल्क ५५० डॉलरवरून ७९५ डॉलर झाले आणि अमेरिकन एक्सप्रेसच्या प्लॅटिनम कार्डाचे ६९५ वरून ८९५ डॉलर. यामागचे अर्थकारण समजून घेतले, तर पुढच्या निर्णयाला मदत होते. दुकानदाराने कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर मोजलेल्या शुल्कातील एक वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो आणि त्यातूनच पॉइंटांचा आणि लाउंजचा खर्च निघतो. वीजबिल, विमा, इंधन अशा व्यवहारांत बँकेचा हा वाटा तुलनेने लहान असतो, म्हणून कात्री आधी तिथेच लागते. लाउंजमधील प्रत्येक प्रवेशाचे पैसे बँकेला मोजावे लागतात, आणि विमानतळांवर लाउंजबाहेर लागलेल्या रांगा तुम्ही पाहिल्याच असतील. बँकेची खरी कमाई थकबाकीवरील व्याजातून होते. हा व्याजदर अनेक कार्डांवर महिन्याला ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४५ टक्के इतका असतो. तुम्ही दरमहा पूर्ण बिल भरता, असे पत्राच्या सूरावरून वाटते. तसे असेल तर ते उत्तमच आहे, पण बँकेच्या लेखी तुम्ही फारसे किफायतशीर ग्राहक नाही, हेही तितकेच खरे.

आता मुख्य हिशेब करू. बँकेने माहितीपत्रकात छापलेली सवलतींची किंमत बाजूला ठेवा आणि कोल्हापुरात राहून तुमचा प्रवास प्रत्यक्षात कसा होतो, तेवढेच पाहा. पत्रासोबत तुम्ही गेल्या वर्षाच्या स्टेटमेंटचा जो गोषवारा पाठवला, त्यात कार्डावरील खर्च सुमारे साडेसहा लाख आहे. त्यातले दोन लाख कारखान्याच्या महावितरणच्या बिलाचे, सत्तर हजार विमा हप्त्याचे आणि तीस हजार डिझेलचे. हे तीन लाख १५ तारखेनंतर कोणत्याच मोजमापात येणार नाहीत. उरले साडेतीन लाख. आठ लाखांची मर्यादा इथून इतकी लांब आहे, की तिच्या मागे लागणे म्हणजे गरज नसलेली साडेचार लाखांची खरेदी करणे होय. तसा मोह कृपया टाळा. गुजरीत जाऊन कार्डावर सोने घेतले की मर्यादा पूर्ण होईल, असा सल्ला एखादा मित्र देईल. पण काही कार्डांवर दागिन्यांच्या खरेदीलाही पॉइंट मिळत नाहीत, आणि शुल्क वाचवण्यासाठी लाखांची खरेदी करण्यात शहाणपण नाही.

तुमच्या कार्डावर शंभर रुपयांना दोन पॉइंट मिळतात. पूर्वी साडेसहा लाखांवर वर्षाला १३ हजार पॉइंट, म्हणजे १३ हजार मैल होत होते. आता साडेतीन लाखांवर सात हजार पॉइंट आणि त्यांचे साडेतीन हजार मैल होतील. एका मैलाची किंमत ढोबळमानाने एक रुपया धरली, तर हा लाभ १३ हजारांवरून साडेतीन हजारांवर आला.

लाउंजचेही तसेच. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून हैदराबाद, बेंगळुरू, मुंबई अशी मोजकीच विमाने आहेत आणि तुमचा कामाचा बहुतेक प्रवास चाकणच्या गिऱ्हाइकांकडे, स्वतःच्या गाडीने किंवा रेल्वेने होतो. लाउंजचा उपयोग वर्षातून तीन वेळा होतो आणि तोही परतीच्या विमानतळावर. प्रत्येक खेपेची किंमत लाउंजच्या फलकावर लिहिलेली धरू नका. लाउंज नसता तर तुम्ही चहा-नाश्त्यावर जेवढे खर्च केले असते तेवढीच धरा, म्हणजे फार तर पाचशे रुपये. झाले दीड हजार. मुंबई विमानतळावर आईंसोबत उभे असताना काउंटरवरील मुलीने दोन रुपयांच्या नोंदीसाठी कार्ड स्वाइप केले आणि यंत्राने ते नाकारले, हा प्रसंग तुम्ही पत्रात लिहिला आहे. वयस्क माणसाला उभे ठेवून असे ऐकावे लागणे क्लेशदायकच. आता तिमाही खर्चाची अट आल्यावर अशा वेळा वाढतील, कारण दिवाळीच्या तिमाहीत ७५ हजार सहज पार होतील आणि पावसाळ्याच्या तिमाहीत होणार नाहीत. घरून निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपवर त्या तिमाहीची पात्रता पाहून घ्यावी. ॲड-ऑन, म्हणजे घरच्यांच्या नावाने घेतलेल्या जोड कार्डाला स्वतंत्र प्रवेश आहे की मुख्य कार्डाच्या संख्येतूनच तो वजा होतो, हेही लेखी विचारून घ्यावे.

एक सवलत मात्र बँकेने कायम ठेवली आहे आणि ती दुर्लक्षण्यासारखी नाही. परदेशातील खर्चावर तुमच्या कार्डाला २ टक्के परकीय चलन शुल्क लागते. साध्या कार्डांना ते बहुधा ३.५ टक्के असते. जीएसटी धरून हे अनुक्रमे २.३६ आणि ४.१३ टक्के होतात. सिंगापुरात दोन लाख खर्च झाले, तर फरक ३,५४० रुपयांचा पडतो. कार्डासोबतचा प्रवास विमाही चालू आहे, पण असा विमा अनेकदा तिकीट त्याच कार्डावर काढले असेल तरच लागू होतो आणि वृद्धांच्या आजारपणाच्या खर्चाला तो अपुरा पडतो. आईंसाठी वयाला साजेसा स्वतंत्र प्रवास विमा घ्याच. त्यात काटकसर करू नका.

तर सिंगापूरच्या वर्षी एकूण लाभ सुमारे साडेआठ हजार, एरवीच्या वर्षी पाच हजार. आणि शुल्क जीएसटीसह १४,७५० रुपये. या अटींवर कार्ड ठेवू नये, असा माझा सल्ला आहे. शुल्क माफ होत होते, तोवर ते तुमच्यासाठी चांगले होते. वर्षातून आठ-दहा वेळा विमानाने जाणाऱ्या आणि सगळा खर्च हॉटेल-तिकिटांवर करणाऱ्या माणसासाठी ते आजही चांगले असू शकेल.

पण थेट बंद करण्याआधी बँकेला फोन करून दोन गोष्टी मागा. पहिली, या वर्षाचे शुल्क माफ करावे. जुन्या, नियमित ग्राहकाला बँका कधी पूर्ण माफी देतात, तर कधी शुल्काच्या बदल्यात पॉइंट देतात; ही विनंती करण्यात कमीपणा नाही. दुसरी, माफी शक्य नसेल तर त्याच बँकेच्या विनाशुल्क कार्डावर तुमचे खाते वळवावे. असे वळवताना साठलेल्या पॉइंटांचे काय होते, जुनी पतमर्यादा राहते का आणि खाते जुनेच समजले जाते का, हे ई-मेलवर लिहून घ्या. फोनवर मिळालेल्या आश्वासनाचा पुढे पुरावा राहत नाही.

सिबिलची तुमची काळजी याच ठिकाणी येते. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि तो ठरताना उपलब्ध पतमर्यादेपैकी किती वापरली जाते, याला बरेच महत्त्व असते. या कार्डाची मर्यादा सहा लाख आणि दुसऱ्या कार्डाची दोन लाख, असे तुम्ही कळवले आहे. महिन्याला साठ हजार खर्च झाले, तर आज तो वापर साडेसात टक्के दिसतो. हे कार्ड गेल्यावर तोच खर्च दोन लाखांच्या तुलनेत ३० टक्के दिसेल. ३० टक्क्यांच्या आत राहावे, असा सर्वसाधारण संकेत आहे, म्हणजे तुम्ही अगदी काठावर याल. यावर सोपा उपाय असा, की बिल निघण्याच्या तारखेआधीच त्या महिन्यातील बरीचशी रक्कम भरून टाकावी, म्हणजे स्टेटमेंटवर आणि पर्यायाने सिबिलकडे लहान आकडा जातो. विनाशुल्क कार्डावर खाते वळले आणि मर्यादा कायम राहिली, तर हा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणूनच तो पर्याय मला तुमच्यासाठी सर्वांत चांगला वाटतो. तोवर कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांना तुम्ही कार्डात बदल करणार आहात, हे आधी सांगून ठेवा.

बँकेने दोन्ही गोष्टी नाकारल्या, तर शुल्क लागण्याच्या तारखेआधी कार्ड बंद करण्याची विनंती ॲपवरून किंवा ई-मेलने करा. टपालानेच अर्ज पाठवा, असा आग्रह बँकेला धरता येत नाही. थकबाकी नसेल तर सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे आणि त्यापुढे उशीर झाला, तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. विनंती करण्यापूर्वी पॉइंट वापरून संपवा, कारण बंद झालेल्या कार्डावरील पॉइंट बहुधा बुडतात. महावितरण, विमा, फास्टॅग यांचे ऑटो-पे दुसऱ्या कार्डावर किंवा बँक खात्यावर न्या. एखादी खरेदी हप्त्यांवर असेल, तर तिची उरलेली रक्कम एकदम भरावी लागेल. वहिनींचे ॲड-ऑन कार्डही त्याच वेळी बंद होईल. त्यांना आधी कल्पना द्या. बंद झाल्याचे पत्र जपून ठेवा आणि दोनेक महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून तिथे खाते बंद दिसते का, ते तपासा. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो.

कारखान्याविषयी एक गोष्ट, तुम्ही विचारली नसली तरी. वैयक्तिक कार्डाच्या अटींत व्यावसायिक खर्चाला सहसा मनाई असते आणि त्यावरून बँका पॉइंट रोखतात. वीजबिल तुम्ही आजवर या कार्डावर भरत आलात. आता तिथे पॉइंट मिळणारच नाहीत, तेव्हा ते फर्मच्या चालू खात्यातून भरणे सर्व दृष्टींनी सोयीचे. तुमच्या सनदी लेखापालांचाही जमाखर्च त्याने सोपा होईल.

राहिला दुसऱ्या बँकेच्या कार्डाचा प्रश्न. नव्या कार्डासाठी अर्ज केला की ती बँक तुमचा सिबिल अहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद होते. गृहकर्जाच्या ऐन प्रक्रियेत अशा नोंदी नकोत. मुलाच्या फ्लॅटचे कर्ज प्रत्यक्ष वितरित होईपर्यंत कोणताही नवा अर्ज करू नका. विमानतळावर किंवा डी मार्टच्या दाराशी उभी असलेली मुले फॉर्म पुढे करतील, त्यांनाही नम्रपणे नकार द्या. कर्ज मार्गी लागल्यावर विनाशुल्क आणि परकीय चलन शुल्क कमी असलेले एखादे कार्ड शोधा, आणि ते सिंगापूरला निघण्याच्या किमान दीड-दोन महिने आधी हातात येईल, अशा बेताने अर्ज करा.